धबधब्याच्या अलीकडे

बाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववी ‘ब’चे घटक चाचणीचे पेपर तपासत होते. फोन प्रज्ञाचा होता. प्रज्ञा ही बायची मुलगी, म्हणजे माझी भाची. “मामी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला... दुपारचं जेवून बाय हॉलमध्ये खुर्चीत बसली होती, बसल्या जागी मान कलली आणि डॉक्टर वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी “निघते” म्हटलं, फोन ठेवला आणि हातातला पेपर पुरा तपासला. शेवटच्या उत्तराला चारपैकी अडीच गुण दिले. तीन द्यावेत का, याचाही क्षणभर विचार केला. मग मुख्याध्यापिका बाईंना सांगून विरारहून रिक्षाने वसईच्या एव्हरशाईन सिटीत बायच्या घरी पोचले, जिना चढून वर गेले, प्रज्ञाला जवळ घेतलं, आलेल्यांना पाणी दिलं. माझा नवरा विलास भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. मला काही रडू आलं नाही. हे लिहिते आहे तेव्हा तिला जाऊन सहा आठवडे झालेत आणि अजूनही आलेलं नाही. नात्यातल्या एकदोघींनी ते नीट लक्षात ठेवलंय, हेही मला ठाऊक आहे.

बाय माझी थोरली नणंद. विलास तिला बाय म्हणायचा, म्हणून मीही बायच म्हणू लागले. तिचं खरं नाव हिरा, पण ते रेशनकार्डापुरतं. यांचं घर नायगावकडच्या खाडीकाठी. पुढे खाडी, मागे भाताची खाचरं आणि मध्ये घर. माझं माहेर सोलापूरकडचं. आमच्याकडे भात सणासुदीला व्हायचा आणि तो कुठून येतो याची कोणी चौकशी करत नसे. लग्न झालं त्याच वर्षी जुलैत मला लावणीला नेलं. बाय तेव्हा सासरी, शेजारच्याच गावात होती, पण लावणीला दरवर्षी माहेरी यायची. आम्ही सातआठ बायका एका ओळीत उभ्या. प्रत्येकीला आपापली पात, म्हणजे खाचराचा आपापला पट्टा. वाकून आवणाची, म्हणजे भाताची कोवळी रोपं चिखलात खोवायची आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. पुढे हिरवं होत जातं आणि आपण पाठमोरे बांधाकडे जातो. अर्ध्या तासात सगळ्याजणी बांधाला टेकल्या आणि मी एकटी खाचराच्या मधोमध, गुडघाभर चिखलात. कंबर मोडलेली, डोळ्यांत पाणी. सासूबाई बांधावर उभ्या. आता काहीतरी बोलणार म्हणून मी मान खाली घालून रोपं खोवत राहिले, वेडीवाकडी. तेवढ्यात मागून काहीतरी माझ्यावर आदळलं आणि मी तोंडावर पडता पडता वाचले. बायचं बूड होतं ते! आपली पात संपवून ती माझ्या पातीच्या बांधाकडच्या टोकाला गेली होती आणि तिथून लावत लावत मागे सरकत माझ्यापर्यंत आली होती. पाठीला पाठ लागली की पात संपली, अशी त्यांची रीत. “झाली ना तुझी पात? चल आता, भाकर खाऊ,” म्हणाली. बांधावर गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, “सगली हिनं लावली?” बाय म्हणाली, “मंग? शिकली की.” माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

त्या गावात हे सगळ्याच करत असत, बायचं त्यात विशेष काही नव्हतं. मागे राहिलेलीला हाक मारायची नाही, टोमणा मारायचा नाही, आपण उलट्या बाजूने जाऊन तिला मिळायचं. मी एकदा तिला म्हटलं, “नुसतं ‘लवकर आटप’ म्हटलं तरी चाललं असतं की.” तर म्हणाली, “हाका मारून कुनाचे हात चालतात काय? जाऊन मिलावं मानसाला.” पुढे खाचरं गेली, तिथे इमारती आल्या. बायचा नवरा लवकर गेला. तिने घरगुती डबे सुरू केले, प्रज्ञाला शिकवलं, एव्हरशाईनमध्ये फ्लॅट झाला. आम्ही विरारला आलो. लावणी संपली, पण तिची ती खोड काही गेली नाही. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जेवणाऱ्याबरोबर ही पुन्हा दोन घास खायला बसायची. मी बी.एड.च्या परीक्षेला बसले तेव्हा, स्वतः जेमतेम सातवी शिकलेली बाई, माझ्या नोट्स मोठ्याने वाचून दाखवायची. मी आपली भाकऱ्या थापत ऐकायची. मानसशास्त्रातले सगळे शब्द तिने खाडीच्या हेलात म्हटले, ते माझ्या कानात अजून तसेच आहेत.

पन्नाशी उलटल्यावर तिला चालण्याचं वेड लागलं. इमारतीतल्या बायकांचा सकाळी फिरायचा ग्रुप होता. त्यांना गप्पा मारायच्या असत आणि हिला चालायचं असे, म्हणून तिने तो सोडला आणि मला धरलं. दर रविवारी आम्ही तुंगारेश्वरला जायचो. देवळापर्यंत सगळेच जातात, आम्ही तिथून वर, जंगलातून डोंगरमाथ्याकडे. बाय पुढे, मी मागे. ती साठीची, मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि तरी मागे! वळणावरून ती दिसेनाशी झाली की मी निवांत एखाद्या दगडावर बसायची. कारण मला माहीत असायचं, थोड्या वेळाने ती वरून खाली येताना दिसेल. वर पोचून, पाणी पिऊन, परत माझ्यापर्यंत. मग वळून पुन्हा माझ्याबरोबर वर. म्हणजे दर रविवारी ती माझ्याहून जास्त चालायची आणि त्याचा उल्लेखही करायची नाही. उलट विलासला सांगायची, “तुझी बायको चालायला लय चांगली हाय.” विलास हसायचा. त्याला सगळं कळत होतं.

धबधब्याचं खूळ तिच्या डोक्यात एका मे महिन्यात शिरलं. इमारतीला टँकर लागले होते, खाली बादल्या घेऊन बायका उभ्या होत्या आणि बायला कोणीतरी मोबाईलवर हिमाचलमधल्या एका धबधब्याचा व्हिडिओ पाठवला. उंच कड्यावरून धो धो पाणी, आणि तेही मे महिन्यात. तिने तो मला चार वेळा दाखवला. मी म्हटलं, “बाय, चिंचोटीचा धबधबा तू शंभरदा बघितला असशील.” “तो पावसाचा,” ती म्हणाली. “पावसात काय, पत्र्यावरूनपन धबधबा पडतो. हा उनाचा हाय. भर उन्हाळ्यात एवढं पानी येतं कुठून ते बघायचंय मला.” बर्फ वितळून येतं, असं मी शिक्षकी थाटात समजावलं. ते तिला पटलं, पण पुरलं नाही. तिचा सगळा जन्म आडव्या पाण्याकाठी गेलेला. खाडी, खाचर, मिठागर, भरती-ओहोटी. “एकदा उभं पानी बघू,” म्हणाली. पुढे तीन वर्षं ती तेच म्हणत होती. कधी प्रज्ञाचं बाळंतपण, कधी माझ्या शाळेचं काम. शेवटी या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही दोघीच निघालो.

चंदीगडहून गाडीने तीर्थन नदीच्या खोऱ्यात. तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या आत नदीच्या काठाकाठाने वाट जाते आणि तिला फुटलेल्या एका चढाच्या पायवाटेने वर गेलं की तो धबधबा. गाईड गावातलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला धबधब्याचं नाव विचारलं तर म्हणाला, “बस, बड़ा झरना बोलते हैं जी.” उद्यानातून अमुक वेळेला बाहेर पडायलाच हवं, असा तिथला नियम. सकाळी निघालो. नदी इतकी थंड की बायने हात घातला आणि “अगं आई!” म्हणून काढून घेतला, मग मलाही घालायला लावला. पहिले दोन तास ती पुढेच होती. लाकडी साकवावरून जाताना मागे वळून हसली होती, ते मला आठवतं. मग चढ लागला आणि केव्हातरी मी पुढे झाले.

हे कसं झालं ते मी बारकाईने आठवायचा प्रयत्न केलाय. मी काही जोरात चालत नव्हते. ती हळू झाली असणार. मी एकदा मागे बघितलं तर ती गाईडच्या मागे, कमरेवर हात ठेवून उभी, झाडं बघत असल्यासारखी. मी हात केला, तिने केला. पुढच्या वळणानंतर ती दिसली नाही. आणि खरं सांगायचं, तर मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढे होते आणि बाय मागे. पाण्याचा आवाज वाढत गेला, तशी मी जवळजवळ पळतच सुटले. शेवटचा टप्पा चढून समोर आले तर... दहाबारा मजली इमारत उभी करावी तेवढ्या उंचीवरून पाणी पडत होतं आणि खाली पोचायच्या आतच त्यातल्या निम्म्याचा धूर होत होता. मी ओरडले. तिथे पुण्याचं एक जोडपं होतं, तेही माझ्याकडे बघून हसलं.

थोड्या वेळाने गाईड आला, एकटाच. म्हणाला, “माताजी मोड़ पे बैठ गई हैं. बोलीं, आप चलो, हम दस मिनट में आता है.” तिचं हिंदी त्याने तसंच्या तसं सांगितलं. मग थांबून त्याने मला विचारलं, “मैं ले आऊँ उनको?” मी म्हटलं, “नहीं नहीं, आएँगी वो. वो हमेशा आती हैं.” हे माझं वाक्य आहे. त्यातला एकही शब्द मी इथे बदललेला नाही. मग मी तिथे पाऊण तास होते. ओली झाले, दगडावर बसले, पुण्याच्या त्या बाईंनी माझे फोटो काढले, त्यांचे मी काढले, त्यांनी दिलेली बाकरवडी खाल्ली. अधूनमधून वाटेकडे बघत होते. उठून गेले मात्र नाही. गाईडने घड्याळ दाखवलं तेव्हा निघालो.

एका वळणावर देवदाराखाली दगडावर बाय बसली होती. तिथून धबधबा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. मी उतरताना घड्याळ बघितलं होतं, वीस मिनिटं लागली. म्हणजे चढायला अर्धा तास धरा. माझे ओले केस बघून ती म्हणाली, “बघितलास? मंग झालं तर.” मी म्हटलं, “बाय, अजून जाऊ या, मी सांगते त्याला.” गाईडने मान हलवली. नियम तो नियम. “नको गं, पाय नाय म्हनतायत आज,” ती म्हणाली आणि पदर झटकून उठली. “चल. जाता जाता सांग कसा हाय तो.” मग साकवापर्यंत मी तिला धबधबा सांगत गेले. किती उंच, कसा आवाज, चाळणीतून पीठ उडावं तसं पाणी कसं तोंडावर येतं, खाली उभं राहिलं की आपलं बोलणं आपल्यालाच कसं ऐकू येत नाही. ती “हां... हां...” करत ऐकत होती, मध्ये एखादा प्रश्न विचारत होती. मला वाटलं, चला, तिने फार मनाला लावून घेतलेलं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी सगळे तिच्याकडे जमले. मी कोथिंबीर निवडत होते. बायने बोलायला सुरुवात केली. “काय सांगू, चालनीतनं पीठ उडावं तसं पानी तोंडावर येत व्हतं...” माझा हात थांबला. उंची, आवाज, सगळं माझ्याच शब्दांत. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कोणीतरी मला विचारलं, “खरंच एवढा मोठा आहे?” मी म्हटलं, “हो ना.” झालं, त्या एका ‘हो’त मीही सामील झाले. पुढे तिने माझ्या मोबाईलमधला, धबधब्यापाशी काढलेला माझा एक फोटो मोठा करून, चौकट करून घेतला आणि ओट्यासमोरच्या भिंतीवर लावला. “यात तू कुठं आहेस?” असं विचारणाऱ्याला ती सांगायची, “फोटो मी काढला ना! मंग मी कशी दिसनार?” बायने आयुष्यात काढलेल्या प्रत्येक फोटोत तिचा अंगठा आलेला आहे. पण या फोटोत तो नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ती हे स्वतःची लाज राखायला सांगत होती की माझी, ते मी तिला कधी विचारलं नाही. ती पोचली नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न माझ्याबद्दलच, “मग सुनंदा कुठे होती?” असा आला असता. विचारू, विचारू म्हणत तीन महिने गेले आणि मग प्रज्ञाचा फोन आला.

दहाव्याला खाडीवर गेलो. पिंड ठेवला. मी विज्ञान शिकवते, कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही आणि तरी तिथे उभी राहून मी मनात म्हणत होते की शिवू नये त्याने. निदान तासभर तरी शिवू नये. सगळ्यांनी एकमेकांकडे बघावं, काय राहिलं असेल तिचं असं कोणीतरी विचारावं, म्हणजे मला बोलता येईल. कावळा आला तो थेट पिंडावरच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. “बघ,” विलास डोळे पुसत म्हणाला, “काय राहिलं नाय तिचं. धबधबा बघून झाला.” त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगू लागला. आयुष्यभर कष्ट केले, पण जाताना इच्छा पुरी झाली. लोक स्वयंपाकघरात जाऊन फोटो बघायचे, मान हलवायचे. विलासला तेवढा एकच आधार होता आणि तो खोटा होता.

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी बायवर लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी दुसराच लेख लिहिला होता. त्यात आम्ही दोघी धबधब्याखाली उभ्या होतो. विलासला वाचून दाखवला. तो रडला, चांगला झालाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तो पाठवायचा होता. मला पाठवता आला नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, गाईडने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेसुद्धा.  त्याने एवढंच विचारलं, “धाप लागली व्हती का तिला? छातीत काय दुखत व्हतं?” मी म्हटलं, “माहीत नाही.” “म्हंजे?” “मी खाली गेलेच नव्हते, विलास. ती एकटी बसली होती.” तो उठून गॅलरीत गेला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवला, कामावर गेला, आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तो दाराशी येऊन उभा राहिला. “लेख परत लिहिनार हायस?” मी हो म्हटलं. “मंग खरं लिही,” तो म्हणाला. “पन बाय पोचली नाय, असं लिहू नको. तू आनायला गेली नाहीस, असं लिही.”

म्हणून लिहिते आहे. बाय माझ्याकडे नेहमी आली, शेतात, डोंगरात, माझ्या परीक्षेत. तिला एकदाच कोणीतरी जाऊन मिळायला हवं होतं. वीस मिनिटांची वाट होती, मला रस्ता माहीत होता, पाय धड होते आणि मी गेले नाही.

प्रज्ञाला मी हे छापायच्या आधी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. फोटो काढून ठेवू का, असं मी विचारलं तर म्हणाली, “राहू दे मामी. आईने लावलाय.” मग तिला ऑफिसचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि मी एकटीच बायच्या ओट्याशी उभी राहिले. कुकर होता, मिसळणाचा डबा होता, सगळं तिच्या हाताच्या उंचीला. समोर तो फोटो. इतके दिवस मी त्याच्याकडे नीट बघायचं टाळलं होतं. फोटो काढणाऱ्या बाई वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या, म्हणजे धबधबा माझ्या पाठीशी आहे आणि माझं तोंड वाटेकडे. जिथून बाय वर आली असती, नेमकी तिथे मी बघते आहे आणि हसते आहे. मे संपल्यापासून बाय रोज या ओट्याशी उभी राहून, माझ्या त्या तोंडाकडे बघत भात लावत होती.